गाठ शाबूत, शेवंडी गायब

१

शुक्रवारी दुपारी सव्वा वाजता आमची स्वयंपाकीण बी मेजुमा हिनं समुद्रात सोडलेली टोपली दोरानं वर ओढली, झाकणाची गाठ सोडली, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. मग पुन्हा उघडून पाहिलं. रिकाम्या डब्याच्या बाबतीत सगळेच असं करतात. दुसऱ्यांदा उघडल्यावर काहीतरी निघेल अशी आशा असते.

टोपलीत नऊ शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, असायला हव्या होत्या. एकही नव्हती.

मी तेव्हा माईक धरून बावीस पाहुण्यांना सांगत होतो, "मंडळी, आता मोंबासाच्या बंदराच्या पोटातून, तुमच्या डोळ्यांदेखत, ताज्या शेवंडी वर येत आहेत." हे वाक्य मी चार वर्षं रोज म्हणतो. ते खोटं आहे. शेवंडी सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळून टेम्पोनं येतात. बोट चालू असताना त्या टोपलीसकट मागच्या बाजूला, खाऱ्या पाण्याच्या पिंपात बसून असतात. खाडीत नांगर टाकला की टोपली समुद्रात सोडायची आणि अर्ध्या तासानं वर काढायची, एवढाच त्यांचा बंदराशी संबंध. पण समुद्रातून वर आलेली वस्तू लोकांना जास्त चवदार लागते.

"काय झालं हो?" पहिल्या टेबलावरच्या एका बाईंनी विचारलं.

"मध्यंतर," मी माईकवर म्हणालो.

माझं नाव म्वारो. 'शुंग्वाया' या बोटीवर मी जेवण वाढतो आणि बंदराचा इतिहास सांगतो. जेवण बी मेजुमा बनवते, इतिहास मी बनवतो.

मॅनेजर ओगुटू आला. त्यानं टोपलीत पाहिलं, मग झाकणावरच्या पट्टीकडे पाहिलं. बी मेजुमा नेसून विरलेल्या कांगाची पट्टी फाडून झाकण बांधते. ती गाठ तिला तिच्या आईनं शिकवली. ती दुसऱ्या कुणाला बांधता येत नाही आणि सोडवताही येत नाही. आमच्या नाखव्यानं एक अख्खा रमजान प्रयत्न करून पाहिला होता.

"गाठ तुम्ही आत्ता सोडलीत?" ओगुटूनं विचारलं.

"हो."

"तोपर्यंत शाबूत होती?"

"होती."

"दुसऱ्या कुणाला येते?"

"नाही," बी मेजुमा म्हणाली. बाई खरं बोलणारी आहे. तिथंच सगळी अडचण झाली.

ओगुटूचा चेहरा घामानं थबथबला होता. तो तिच्याकडे न बघता बोलला. "तुमच्या भाच्याची जुन्या गावात खानावळ आहे. त्याची होडी मघाशी इथून गेली. तीन वाजता आपण धक्क्याला लागू, तेव्हा तुम्ही तुमची पातेली घेऊन उतरा. मालकांना मी कळवतो."

बी मेजुमा या बोटीवर एकोणीस वर्षं रांधते आहे. चोरीवरून उतरवलेल्या स्वयंपाकिणीला या बंदरात दुसरी बोट मिळत नाही, कारण अशी बातमी धक्क्यावर बोटीच्या आधी पोचते. तिनं शेगडीवरचा फुललेला कोळसा चिमट्यानं एकेक करून बाजूला काढायला सुरुवात केली.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला. "कुणीही जागेवरून उठायचं नाही. एकमेकांशी बोलायचं नाही."

हा आवाज मी आयुष्यात फक्त एका ठिकाणी ऐकला होता.

२

म्वालिमू ताबू, म्हणजे शाळेतल्या ताबू बाई. मला भूगोल शिकवायच्या. शिवाय एकतीस वर्षं बोर्डाच्या परीक्षेवर देखरेख. आठवीत त्यांनी मला मांडीवर आफ्रिकेचा नकाशा काढलेला असताना पकडलं होतं. तो नकाशाही चुकलेला होता, आणि त्यांना राग त्याचा जास्त आला होता. आता त्या निवृत्त झाल्या होत्या. जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून त्यांना या जेवणाच्या सफरीचं तिकीट दिलं होतं. बारा वाजल्यापासून त्या तिसऱ्या टेबलावर बसून कागदी रुमालावर पेन्सिलीनं माझ्या इतिहासातल्या चुका लिहीत होत्या. आतापर्यंत चार रुमाल भरले होते.

"बाई, हा बोटीचा आतला मामला आहे," ओगुटू म्हणाला.

"धक्क्याला लागायला वेळ किती?"

"पावणेदोन तास."

"पुरे आहे. बसा. मध्ये एक खुर्ची सोडून."

ओगुटू एक खुर्ची सोडून बसला. हातात फोन होता, आणि दर मिनिटाला त्याची नजर फोनवर जात होती.

ओगुटू वाईट माणूस नाही. हे मी इथं मुद्दाम लिहितो, कारण आम्ही त्याच्याशी चांगले वागलो नव्हतो. तो आतल्या मुलखातला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा. दोन महिन्यांपूर्वी मालकांनी त्याला इथं पाठवलं. आतल्या लोकांना आमच्या किनाऱ्यावरच्या जिनांची भारी धास्ती असते. आम्ही ती घालवायला हवी होती. आम्ही तिला खायला-प्यायला घातलं. जुन्या गावातली निम्मी मांजरं मांजरं नसतात, त्यांना विचारल्याशिवाय रस्ता ओलांडू नये, हे मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो मांजरांना सलाम करून पुढं जायला लागला. मांजरांनाही ते आवडलं. अशा मी त्याला सहा-सात गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांतली एक सांगायला आत्ता माझी जीभ रेटत नाही.

म्वालिमूंनी पेन्सिलीला टोक केलं. "प्रश्न पहिला. शेवंडी कुणी घेतल्या?"

सुकाणूजवळून नाखवा फामाऊ उठून उभा राहिला. त्यानं टोपी काढली.

"मी," तो म्हणाला. "सगळ्या नऊ."

३

"त्यांचं काय केलंत?" म्वालिमूंनी विचारलं.

"खाल्ल्या."

"कच्च्या?"

नाखव्यानं थोडा विचार केला. "इंजिनावर भाजून."

"कवचं कुठं आहेत?"

"तीही खाल्ली."

म्वालिमू माझ्याकडे वळल्या. "नाखवा शेवंड खातात का?"

"नाही, अंग सुजतं," मी म्हणालो. "मागं एकदा चुकून रस्सा चाखला होता, तर तीन दिवस डोळे उघडले नव्हते. बोट मीच धक्क्याला लावली. म्हणजे, धक्क्यावर लावली."

"आणि आज बारापासून सुकाणू कुणाच्या हातात होतं?"

"माझ्या," नाखवा पडेल आवाजात म्हणाला.

"खाली बसा. खोटी उत्तरं लिहिल्याचे गुण कापले जातात."

नाखवा बसला. त्यानं बी मेजुमाकडे पाहिलं. त्यानं तिला आजवर तीनदा मागणी घातली आहे आणि तिनं तिन्ही वेळा त्याला जेवायला वाढलं आहे.

"तो खोटं बोलतोय," म्झे स्वालेह म्हणाले. स्वालेह आमच्या बोटीवर पेटी वाजवून गातात. वय शहात्तर, म्हणून म्झे, म्हणजे आजोबा. "चोर मी आहे. मी त्या शेवंडी होडीवाल्याला विकल्या."

"म्झे, तुम्ही केव्हापासून गाताय?"

"निघाल्यापासून. लागोपाठ. लोक थांबूच देत नाहीत."

"कुणी थांबू नका म्हटलं?"

"थांबाही कुणी म्हटलं नाही."

"एक हात भात्यावर, एक हात सुरांवर. टोपली कुठल्या हातानं उघडली?"

स्वालेहनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. तिसरा असता तर त्यांनी नक्की दाखवला असता. "गाण्यांच्या मधे," ते म्हणाले.

"तुम्ही गाण्यांच्या मधे जागा ठेवलीच नाहीत. मी वाट बघत होते."

आता बी मेजुमा बोलली. "म्झे, नाखवा, पुरे झालं. तुम्हा दोघांमुळं मी आणखीच चोर दिसतेय. दोन माणसं एका बाईसाठी खोटं बोलायला लागली की ऐकणाऱ्याला वाटतं, बाईनं नक्कीच काहीतरी केलं असणार."

ओगुटूनं मान खाली घातली.

"म्वारो," म्वालिमू म्हणाल्या, "तुझे कान लाल झालेत."

"ऊन आहे, म्वालिमू."

"तू सावलीत उभा आहेस. ती टोपली आण."

४

त्यांनी टोपली मांडीवर घेतली. झाकण पाहिलं, कडा पाहिल्या. मग ती उलटी केली, आणि तळ इतक्या जवळून पाहिला की नाकाला पाणी लागलं.

"नाखवा, हा तळ कसा विणलाय?"

"आमच्याकडे विणतात तसा. गोल-गोल, बाहेरून आत."

"सगळा?"

नाखवा वाकला. मग बी मेजुमा वाकली. मीही वाकलो. तळाच्या मधोमध चार काड्या निखळून पुन्हा बांधलेल्या होत्या. बांधणी गोल नव्हती. आडवी-उभी होती, प्रत्येक ठिकाणी दोन वेढे आणि एक आवळ. सुबक होती. मूळ विणीपेक्षा मजबूत.

"हे माझं काम नाही," बी मेजुमा म्हणाली.

"आमच्या खाडीत असं कुणी बांधत नाही," नाखवा म्हणाला.

"म्हणजे गाठ सोडावी लागलीच नाही," म्वालिमू म्हणाल्या. "गाठीकडे सगळ्यांनी पाहिलं, कारण गाठ वर होती. वाट खालून होती. आता दुसरा प्रश्न. केव्हा? नांगर टाकल्यावर टोपली टेबलांसमोर, बोटीच्या कुशीला लटकत होती. तिच्यावर बावीस उपाशी माणसांची नजर होती. तिथं तळ उचकटून परत बांधणं शक्य नाही. म्हणजे त्याच्या आधी, मागच्या पिंपात असताना. मागच्या बाजूला कुणीच बघत नव्हतं अशी वेळ कुठली?"

मला ती वेळ माहीत होती. मी खाली बघायला लागलो.

"बारा वाजून पाच मिनिटांनी," म्वालिमूंनी दुसरा रुमाल उघडला, "म्वारोनं सगळ्यांना उठवून पुढं नेलं आणि किल्ला दाखवला. अकरा मिनिटं. त्यात त्यानं किल्ल्याला चारशे दरवाजे असल्याचं सांगितलं. नाहीत. तेव्हा नाखवा सुकाणूवर होते, म्झे गात होते, बी मेजुमा मधल्या शेगडीवर कसाव्याचे कंद तळून पाहुण्यांच्या हातात देत होत्या. मला स्वतःला चटका बसला. म्वारो, रोज टोपली समुद्रात कोण सोडतं?"

"मीच सोडतो."

"हे तू मघाशी पाहुण्यांनाही सांगत होतास. पण मी आत्ता मुद्दाम 'रोज' म्हटलं. आज कुणी सोडली?"

नऊ शेवंडी म्हणजे सहा-सात किलोंचं ओझं. ज्यानं टोपली उचलली त्याला ती रिकामी आहे हे कळल्यावाचून राहणार नव्हतं. आणि आज ती मी उचललीच नव्हती. दोन महिन्यांत दोराला हात न लावलेला माणूस आज पुढं येऊन म्हणाला होता, "राहू दे म्वारो, मी सोडतो." मला वाटलं होतं, काम शिकतोय बिचारा.

माझी नजर त्याच्याकडे गेली, आणि परीक्षेत नजर जाणं म्हणजे काय हे म्वालिमूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ओगुटूकडे पाहिलं नाही. त्या उठल्या, माझा कान पकडला नाही, पण पकडल्यासारखा आव आणून मला बोटीच्या टोकाला घेऊन गेल्या.

"कसं केलं ते समजलं," त्या हळूच म्हणाल्या. "का केलं ते समजत नाही. स्वतःच्याच जेवणाची वाट कुठला मॅनेजर लावेल? ते तुला माहीत आहे. बोल."

५

मी बोललो.

तीन आठवड्यांपूर्वी दुपारी बोट धुताना ओगुटूनं मला विचारलं होतं, टोपलीत शेवंडी कधी आठ, कधी नऊ, असं का. खरं उत्तर असं की टेम्पोवाल्याला मोजता येत नाही. पण खरं उत्तर मला कंटाळवाणं वाटलं. मी म्हणालो, "आकडा विषम आला ना ब्वाना, तर त्यांतली एक शेवंड नसते. किल्ल्याखाली बुडालेला पोर्तुगीज शिपाई असतो. त्याला विस्तवावर टाकलं की तो एकाला एक घेतो. ज्याच्या हुकमानं टाकलं, त्याच्या घरी यायला निघालेलं माणूस पोचत नाही."

"हे तू कुठं ऐकलंस?" म्वालिमूंनी विचारलं.

"ऐकलं नाही. तिथल्या तिथं सुचलं."

"यायला निघालेलं माणूस म्हणजे कोण?"

"मला वाटलं, फार तर त्याचा मेहुणा यायचा राहील. आलेले पाहुणे कुणाला हवे असतात?"

म्वालिमूंनी वळून ओगुटूकडे पाहिलं. "त्यानं धक्का सोडल्यापासून फोन खाली ठेवलेला नाही," त्या म्हणाल्या. "चल."

आम्ही परत आलो. बी मेजुमा आपली पातेली घासत होती. एरवी ती धक्क्याला लागल्यावर घासते. आज स्वच्छ करून बांधून ठेवत होती. सर्वांत मोठं, भातानं भरलेलं पातेलं तिनं स्वतःच्या कपड्यात गुंडाळलं होतं. मला ते बघवेना.

म्वालिमू ओगुटूसमोर बसल्या. मध्ये खुर्ची सोडली नाही.

"ब्वाना ओगुटू, तुमच्या घरी कुणी यायचं आहे का?"

ओगुटूनं पहिल्यांदाच फोन टेबलावर ठेवला.

"बायको पहाटेपासून दवाखान्यात आहे," तो म्हणाला. "पहिलं बाळंतपण. सकाळी टेम्पो आला, मी मोजल्या. नऊ होत्या. पुन्हा मोजल्या. नऊच."

"एक सोडायची होतीत."

"कुठली ते कसं ओळखू? सगळ्या सारख्याच बघत होत्या."

"आणि तळ परत का बांधलात? उघडा ठेवला असतात तर टोपली फाटली म्हणून निभावलं असतं."

ओगुटूला यावर स्वतःचाच राग आलेला दिसला. "माझे वडील सरोवरावर मासे धरायच्या टोपल्या विणतात. फाटका तळ पाण्यात सोडायचा नाही, हात मोडले तरी. मला कळत होतं की बांधू नये. हात बांधत गेले."

मग तो उठला, पाहुण्यांकडे वळला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेवंडी मी समुद्रात सोडल्या. या बाईंचा त्यात काही संबंध नाही. गाठ शाबूत आहे हे दिसलं आणि माझ्या तोंडून पहिलं नाव यांचं गेलं. मग ते मला मागं घेता येईना. मॅनेजर शेवंडीला भ्याला म्हणून अख्खं बंदर हसलं असतं."

"हसलं असतं," नाखव्यानं प्रामाणिकपणे दुजोरा दिला.

ओगुटू बी मेजुमासमोर गेला. "मालकांना मी हेच कळवीन. माझं नाव घालून. तुम्ही उतरायचं नाही. मी बोललो ते परत घेतो."

"एकोणीस वर्षांत मला चोर म्हणणारे तुम्ही पहिलेच," बी मेजुमा म्हणाली. "ते परत घेता येत नाही. भात घ्या. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

तिनं कपड्यातलं मोठं पातेलं सोडलं आणि नारळाच्या दुधातला भात त्याच्या ताटात वाढला. पाहुण्यांना तळलेला मासा मिळाला. कुणी तक्रार केली नाही. शेवंडीपेक्षा हे जास्त चविष्ट होतं, असं पहिल्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. त्या माशाबद्दल बोलत होत्या असं मला वाटत नाही.

मला वाढताना बी मेजुमानं विचारलं, "तुझे कान का लाल होते रे?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं डाव परत पातेल्यात ठेवला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. त्या दिवशी मी उपाशी राहिलो. कुणी अन्याय केला असं वाटलं नाही.

६

धक्का दिसायला लागला तेव्हा ओगुटूचा फोन वाजला. तो उभा राहूनच बोलला, आपल्या भाषेत, फार थोडं. मग तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. स्वालेहनी पेटी बंद केली. नाखव्यानं इंजिन मंद केलं. मी चार वर्षांत सांगितलेली एकूणएक खोटी गोष्ट मला त्या अर्ध्या मिनिटात आठवली.

ओगुटूनं हात काढले. तो हसत होता.

"मुलगी," तो म्हणाला. "दोघी सुखरूप आहेत. मघापासून फोन लावत होते, खाडीत लागतच नव्हता. आधी नाळ अडकली होती म्हणे. डॉक्टरही घाबरले होते. मग अचानक सगळं सुरळीत झालं."

"किती वाजता?" म्वालिमूंनी विचारलं. सवयीनं.

"बारा वाजून दहा मिनिटांनी."

म्वालिमूंनी दुसऱ्या रुमालाकडे पाहिलं आणि तो घडी करून पर्समध्ये टाकला. मग त्या माझ्याजवळ आल्या. "त्यानं बावीस माणसांसमोर खरं सांगितलं. तुला एकालाच सांगायचंय. तो उतरायच्या आत."

मी गेलो. ओगुटू फळीजवळ उभा होता, एक पाय बोटीवर, एक धक्क्यावर. दवाखान्यात पळायची घाई झालेली.

"ब्वाना," मी म्हणालो, "ती शिपायाची गोष्ट खोटी आहे. असलं काही नसतं. मी थापा मारल्या. तुमची गंमत करायला. मांजरांचंही खोटं आहे. माझ्यामुळं तुमची शोभा झाली, बी मेजुमाची नोकरी जात होती. मला माफ करा."

ओगुटूनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेनं माझ्याकडे माझ्या आईनंही पाहिलेलं नाही.

"तू चांगला माणूस आहेस, म्वारो," तो म्हणाला. "मला पुढं भीती वाटू नये म्हणून तू हे म्हणतोयस."

"नाही, नाही. खरंच खोटं होतं."

"बारा दहाला मी नववी पाण्यात सोडली. बारा दहाला ती आली. तू मला सांगितलं नसतंस तर?" त्यानं माझा हात धरला. "तुझे उपकार मी कसे फेडू?"

मी वळून म्वालिमूंकडे पाहिलं.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं. ओगुटूनं माझा दुसराही हात धरला.